मागची ओळ

“...आनि अर्धी कथाच गेली असंल आबा, तर ती भरायची कशानं?”

धुळाआबा खोपटासमोरच्या दगडावर बसून चातीने लोकर कातत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुनाची कथा?”

“बिरोबाची.”

“देवाची कथा जात नसती.”

“आमच्या घरातली गेली. कामाण्णासंगं.”

आबांचा हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा चालू लागला.

“बस,” ते म्हणाले. “उन्हात हुबा ऱ्हाऊ नगं.”

विचारणारा होता मलकारी. कागनगीच्या माळावरचा धनगर, पण आता सांगली-सोलापुरापासून पार पुण्यापर्यंत लोक त्याला ओळखतात. डोक्याला लाल फेटा, गळ्यात गिटार. धनगरी ओवी, गोंधळ्यांचे संबळ, यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके, सीमेपलीकडची कानडी पदे, सगळे तो एकाच गाण्यात आणतो. आणि खोटे कशाला बोला, झकास आणतो. तरुण पोरे नाचतात, म्हाताऱ्यांना बापाची आठवण येते. हे मलकारीला पक्के ठाऊक होते, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायचे.

त्या दुपारी मात्र दिसत नव्हते. गिटार त्याने गाडीतच ठेवली होती.

कागनगीच्या जत्रेत बिरोबाची कथा सांगायचा मान त्याच्या घराण्याचा. दोन माणसे गुडघ्याला गुडघा भिडवून समोरासमोर बसतात. पुढचा जी ओळ म्हणतो ती अर्धी असते. उरलेली अर्धी मागचा म्हणतो. मागच्याचा आवाज कानावर आला, की मगच पुढच्याने श्वास घ्यायचा, अशी रीत. दिवस मावळता बसायचे आणि उजाडता उठायचे.

मलकारीचा बाप बिराप्पा पुढचा होता. धुळाआबा त्याचे मागचे.

बिराप्पाला दोन मुलगे. थोरल्या मलकारीला त्याने फक्त पुढच्या ओळी दिल्या आणि धाकट्या कामाण्णाला फक्त मागच्या शिकायला धुळाआबांच्या शेजारी बसवले. एकाचे दुसऱ्याला शिकवायचे नाही. उद्या भाऊ भांडले, चुली वेगळ्या झाल्या, तरी वर्षातून एकदा त्यांना गुडघ्याला गुडघा लावून बसावेच लागेल, असा त्याचा विचार. विचार चांगला होता. त्यात मरण धरलेले नव्हते, एवढेच.

कामाण्णा गेल्या हिवाळ्यात मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला गेला होता. तिथे तापाने फणफणला आणि दवाखान्याच्या दारात संपला.

आता जत्रा तोंडावर आली होती.

“गावात इचारलंस?” आबांनी विचारले.

“घरोघर इचारलं. सगळ्यास्नी भंडारा आठवतो, आंबील आठवती, कोन कुटं निजलं हुतं त्ये बी आठवतं. ओळ येकाला न्हाई आठवत.”

“आनि तुला? जलमभर त्येच्या म्होरं बसलास की रं. ऐकलं आसशील.”

“न्हाई.”

“न्हाई?”

“त्यो म्हनायचा तवा मी माजी म्होरली ओळ मनात लावत असायचो...”

आबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

“तुजा बा बी तसाच,” ते म्हणाले. “माजा आवाज त्येनं कदी ऐकला असंल, असं मला वाटत न्हाई.”

वाऱ्याने खोपटावरचे पाचट हलले. मलकारीने फेटा काढून मांडीवर ठेवला. तो आता मुद्द्यावर आला.

“माज्यापाशी विलाज हाय. जितं जितं कामाण्णाची ओळ, तितं तितं माजी गानी घालतो. येका जागी गोंधळ, येका जागी चौंडकं. मदी कानडी पद. रात भरून निघंल. पंच बी हो म्हनत्यात. तुमी तेवढं हो म्हना.”

त्याला वाटले होते, म्हातारा भडकेल. देवाच्या कथेत भेसळ करतोस म्हणून अंगावर धावून येईल. त्यासाठी त्याने उत्तरेही तयार करून आणली होती.

“गोंधळ कथंत हायच की,” आबा म्हणाले. “देव पानी प्यायला उतरतो, ती चाल कुनाची वाटली तुला? गोंधळ्याची. तुज्या बानं बाजारात ऐकली आनि उचलली. दुसरी येक चाल विजापुराकडच्या जोगतिणीची हाय. मिसळ की लेका. आमी बी तेच केलं.”

मलकारीची उत्तरे तशीच राहिली.

“मंग घालू?”

“गानी घाल. कुटं बी घाल.”

“कामाण्णाच्या जागी?”

आबांनी लोकरीतला काटा शोधून काढला आणि लांब टाकला.

“त्येचा आवाज हाय माज्याजवळ,” मलकारी घाईघाईने म्हणाला. “समदी कथा न्हाई. स्टेजवर म्हनायचो तेवढे तुकडे. मंजी त्यो असल्यासारखाच.”

“लाव.”

त्याने पिशवीतून छोटा स्पीकर काढून दगडावर ठेवला आणि मोबाइलवर बोट टेकवले. ढोल वाजू लागला. मलकारीने मांडी ठोकत आपली ओळ म्हटली, आणि ती संपते न संपते तोच कामाण्णाचा आवाज आला. खडा, कोरडा, थोडा नाकातला.

सावलीतले कुत्रे उठले. स्पीकरभोवती एक फेरी मारली, हुंगले आणि परत जाऊन पडले.

आबांनी स्पीकर बोटाने आपल्याकडे वळवला.

“परत लाव,” ते म्हणाले. “आता तू काय म्हनू नगं. गप बस.”

ढोल वाजला. मलकारी गप्प बसला. त्याच्या ओळीची जागा रिकामी निघून गेली. मग ठरल्या वेळी कामाण्णाचा आवाज आला. तसाच, तेवढाच.

“तू तर काय म्हनलाच न्हाईस,” आबा म्हणाले. “मंग ह्यो कुनाला बोलला?”

मलकारीने स्पीकर बंद केला.

“आनि कामा येवढ्या लगोलग कदी आला रं? त्येला हाक मारली, तर पार वढ्याच्या पल्याड जाऊन मंग मागं वळायचा.”

मलकारीला हसू फुटले. खरेच फुटले, कारण कामाण्णा तसाच होता. हसता हसता त्याचे तोंड वाकडे झाले आणि त्याने ते फेट्यात लपवले. आबांनी त्याला रडू दिले. समजूत काढली नाही.

“उशिराच यायचा,” फेट्यातून मलकारी म्हणाला. “गावात चालायचं. स्टेजवर कसं चालंल? वाजवनारं म्होरं जायाचं आनि ह्यो मागंच. लोक माज्याकडं बघायचं. मी म्हनलं, कामा, तुजा आवाज भरून घेतो. तू मेंढरं बघ, मशीन माज्यासंगं येईल.”

“काय म्हनला?”

“बरं झालं म्हनला. मेंढरांकडं बघाया मानूस न्हवतंच म्हनला.”

“अजून?”

“अजून काय न्हाई.” मलकारीने फेटा तोंडावरून काढला. “त्यो गेला त्या दिशी माजा कारेक्रम हुता आबा. निरोप मागनं आला. तिकडं त्यो मेला हुता आनि हिकडं माज्या मागं गात हुता. लोकांनी टाळ्या दिल्या. त्येच्या ओळीला दिल्या.”

आबांनी चाती खाली ठेवली.

मलकारी दगडावरून उतरला आणि मातीत त्यांच्यासमोर बसला. जे मागायला तो खरा आला होता, ते आता बाहेर आले. गाण्यांची परवानगी वगैरे सगळे नुसते तोंडदेखले होते.

“आबा, तुमी बसा माज्या म्होरं. बाच्या मागं तुमीच हुता. कामाण्णा बी तुमच्याच शेजारी बसून, तुमच्याच ओळी शिकला. कथा तुमच्यापाशी हाय.”

“माज्यापाशी न्हाई.”

“आसं नगा म्हनू.”

“खरं सांगतो. मी पाठ कदी केलंच न्हाई. तुजा बा म्हनायचा आनि मला यायचं. त्यो गेल्यापासनं आलं न्हाई.”

“मी म्हनतो. तुमास्नी येईल. पाया पडतो आबा. कथा माज्या हातनं बुडली आसं नगं व्हायला. बाला काय तोंड दावू?”

म्हातारा उठला नाही, पण त्याने पाय आवरले आणि मांडी घातली. मलकारी पुढे सरकला. दोघांचे गुडघे भिडले. आबांचे गुडघे इतके हाडकुळे झाले होते, की मलकारीला ते लागले.

त्याने कानावर हात ठेवला आणि आवाज लावला.

“उनाच्या कारात देव माळाला आला, येऊनशानी माळाला देवानं काय गा केलं होऽऽ...”

सुंदर म्हटले. शेवटाला आवाज वळवून घरी आणला, जसा तो हजार लोकांसमोर आणतो.

आबांचे तोंड उघडले. उघडेच राहिले आणि मग मिटले.

मलकारीने पुन्हा म्हटले. या खेपेला आवाज चढवला, बापासारखा खरखरीत केला. आबा त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. बहिरा माणूस बघतो तसे. काही आले नाही.

तिसऱ्यांदा म्हणताना ‘काय गा’पर्यंत तो पोचला, आणि आबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

हाताला लोकरीचा आणि तंबाखूचा वास होता.

मलकारी थांबला. हात निघाला. त्याला वाटले, म्हाताऱ्याला काही सांगायचे आहे. पण आबा काही बोलले नाहीत, म्हणून त्याने ओळ पुन्हा धरली. त्याच जागी हात पुन्हा तोंडावर आला.

“गाऊ द्या की!” मलकारी ओरडला. “ओळ तरी पुरी करू द्या!”

म्हटले, आणि त्याचे त्यालाच ठेचकाळल्यासारखे झाले.

ओळ पुरी करणे हे त्याचे काम नव्हतेच. कधीच नव्हते. बापाने त्याला अर्धीच ओळ दिली होती. पण स्पीकरमधला कामाण्णा कुणासाठी थांबत नसे, अडत नसे. म्हणून मलकारी आपली ओळ आपणच बंद करायला शिकला होता. शेवटचा शब्द ओढायचा, वळवायचा आणि टाळी घ्यायची. इतकी वर्षे तेच केले. आता समोर जिवंत माणूस बसला होता, आणि त्याला आत यायला मलकारीने फटसुद्धा ठेवली नव्हती.

“मीच पुरी करतोय,” तो हळू म्हणाला.

मलकारीने डोळे मिटले. पुन्हा कानावर हात ठेवला.

“उनाच्या कारात देव माळाला आला... येऊनशानी माळाला देवानं काय गा...”

आणि थांबला.

आबांचा हात या वेळी वर आला नाही. गरज नव्हती.

ओळ उघडी पडली होती. बाप होता तेव्हा पडायची तशीच. मलकारीला कळले की आता बरोबर झाले आहे. लहानपणी घोंगड्यावर बसून शिकला होता ते हेच. तो रीतीप्रमाणे श्वास रोखून बसला. मागचा आवाज आल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही.

कुठेतरी एक मेंढी ओरडली.

आबांचे ओठ हलले. मलकारीने डोळे किलकिले करून ते पाहिले. ओठ पुन्हा हलले. गळ्याची शीर ताणली गेली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते, जड दगड उचलताना धरावे तसे.

मलकारीच्या कानात रक्त वाजू लागले. छाती दुखू लागली. तरी तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो मागच्या ओळीसाठी नुसता थांबला होता. मनात पुढची ओळ लावत नव्हता. फक्त ऐकत होता.

काही आले नाही.

शेवटी त्याची छाती फुटली आणि त्याने विहिरीतून वर आल्यासारखा श्वास ओढला. खोकत खोकत तो बाजूला मातीत पडला.

“आठवत न्हाई मला,” आबा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसण्याचे त्यांना सुचत नव्हते. “जागा बराबर हाय. तुज्या बाची जागा. पर आठवत न्हाई रं लेका. गेलं.”

“सगळं?”

“सगळं.”

मलकारी तसाच पडून राहिला. आभाळ स्वच्छ होते, त्यात बघण्यासारखे काही नव्हते. कथा आता कुणाकडेच नव्हती. निम्मी त्याच्याकडे होती आणि तीही नुसती विचारणारी. देव माळावर आला, आणि त्याने काय केले, हे जगात कुणालाही सांगता येणार नव्हते.

“मंग गानीच घालतो,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. आवाजात जीव नव्हता. “न्हाईतर मान सोडतो. दुसरं काय करनार?”

“जत्रंत बस.”

“कुनाच्या म्होरं बसू?”

“घोंगडं टाक कामाण्णाचं. त्येच्या म्होरं बस. म्हन.”

“आनि?”

“आता थांबलास तसा थांब.”

मलकारी उठून बसला. त्याच्या केसांत माती होती. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर हे त्याला कळत नव्हते. म्हणून तो समोर असलेल्या माणसावर निघाला.

“सगळी रात? सगळं गाव बसलेलं असंल आबा! बायामानसं, पोरंसोरं, लांबनं आलेलं लोक. मी ओळ म्हननार आनि थांबनार. परत म्हननार, परत थांबनार. मी थांबलो तर तितं कोन हाय? कोन न्हाई! कायबी न्हाई तितं!”

आबांनी मातीतला त्याचा फेटा उचलला, झटकला आणि त्याच्या हातात दिला.

“मंग त्येवढं तरी लोकांस्नी ऐकू दे.”